दुसरा शनिवार आणि क्रॉनटॅबचं पान

0 6 8-14 * 6

लिनक्स सर्व्हरवर ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे क्रॉन, आणि त्याची कामांची यादी म्हणजे क्रॉनटॅब. ही ओळ क्रॉनटॅबमध्ये टाकली तर काम कधी चालेल? पहिला रकाना मिनिटाचा, दुसरा तासाचा, तिसरा तारखेचा, चौथा महिन्याचा, पाचवा वाराचा. म्हणजे सकाळी सहा वाजता, तारीख ८ ते १४, महिना कुठलाही (स्टारचा अर्थ तोच), वार शनिवार. महिन्याचा दुसरा शनिवार ८ च्या आधी येऊ शकत नाही आणि १४ च्या पुढे जाऊ शकत नाही. तेव्हा ही ओळ दुसऱ्या शनिवारची, असा हिशेब वाचणारा करतो, आणि तो हिशेब अगदी सरळ आहे.

प्रत्यक्षात ऑगस्ट २०२५ मध्ये ही ओळ अकरा दिवस चालते. ८ पासून १४ पर्यंत रोज, शिवाय २, १६, २३ आणि ३० तारखेला, कारण ते शनिवार आहेत. मिनिट, तास आणि महिना हे रकाने जुळावेच लागतात. तारीख आणि वार यांचा नियम मात्र वेगळा: दोन्ही भरले असतील तर त्यातलं कुठलंही एक जुळलं तरी क्रॉनला पुरतं.

मी कोल्हापुरात एका लहान कंपनीत काम करते. नागरी सहकारी बँकांचे सर्व्हर सांभाळणं हा आमचा धंदा. १ सप्टेंबर २०१५ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुसरा आणि चौथा शनिवार सगळ्या बँकांना सुटी असते. पहिला, तिसरा आणि आलाच तर पाचवा शनिवार पूर्ण कामाचा. त्यामुळे जी जड कामं काउंटर चालू असताना करता येत नाहीत, म्हणजे बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तो खरंच उघडतो का ते पाहणं, डेटाबेसचे इंडेक्स नव्याने बांधणं, ती सगळी या दोन शनिवारांवर येऊन पडतात. जगात इतरांना ही ओळ कधीतरी लागत असेल. आम्हाला ती प्रत्येक बँकेसाठी लागते.

वरची ओळ आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलाने लिहिली होती, सरावाच्या सर्व्हरवर, त्यामुळे कुठल्या बँकेला त्याची झळ लागली नाही. ती २ ऑगस्टच्या शनिवारी चालली तेव्हा त्याला वाटलं आपण आठवडा मोजण्यात चुकलो. ८ तारखेच्या शुक्रवारीही चालली तेव्हा तो लॉग घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, मी मॅन्युअल वाचूनच लिहिलंय." ते खरं होतं. त्याच्या मशीनवर ते पान उघडंच होतं. त्या दिवसापासून मी क्रॉनटॅबच्या नियमांचं आमचं ऑफिसातलं पान मराठीत नव्याने लिहायला घेतलं, आणि त्यात जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आधी मूळ मॅन्युअलची रचना पाहू. टर्मिनलवर नुसतं मॅन क्रॉनटॅब म्हटलं की विभाग १ उघडतो. त्यात फाईल उघडायची कशी, यादी पाहायची कशी, काढून टाकायची कशी एवढंच आहे. ओळ लिहायची कशी हे विभाग ५ मध्ये, त्यासाठी मध्ये ५ हा आकडा द्यावा लागतो. तिथे पोचलं की रकान्यांचा तक्ता दिसतो: मिनिट ० ते ५९, तास ० ते २३, तारीख १ ते ३१, महिना १ ते १२, वार ० ते ७, आणि ० व ७ दोन्ही रविवार. त्याखाली पट्टे कसे द्यायचे, स्वल्पविरामाने यादी कशी करायची, स्लॅश देऊन टप्पे कसे घ्यायचे. मग कमांडबद्दलचा परिच्छेद. आणि त्यानंतर, टीप म्हणून, तारीख आणि वाराचा तो नियम.

नियम बरोबर लिहिला आहे. सोबत उदाहरणही आहे. पण ओळ लिहिणारा माणूस तक्त्यावर थांबतो. पाच रकाने, प्रत्येकाची हद्द, एवढं मिळालं की तो फाईल उघडून टाइप करायला लागतो. त्याला काही अडलेलं नसतं, मग तो खाली कशाला वाचेल? टीप शोधायला आधी शंका यावी लागते, आणि या ओळीत शंका यावी असं काहीच दिसत नाही. सगळे आकडे हद्दीत आहेत. क्रॉनटॅब फाईल जतन करून घेतो, तक्रार करत नाही.

म्हणून पहिला बदल अगदी साधा. आमच्या पानावर तक्त्यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या ओळीतच लिहिलं आहे: "तारीख आणि वार दोन्ही भरले तर कुठलंही एक जुळलं की काम चालेल. दोन्ही एकदम जुळायला हवे असतील तर खाली 'दुसरा शनिवार' पाहा." हेच वाक्य दोन्ही रकान्यांसमोर, दोनदा. एकच गोष्ट दोनदा लिहू नये असं आपल्याला शिकवलेलं असतं. कॉन्फिग फाईलच्या पानावर मला ते पटत नाही. कुणी तारखेपासून वाचत येईल, कुणी थेट वारावर जाईल. नियम दोघांच्याही वाटेत असायला हवा.

क्रॉनच बदलायला नको का, असं त्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण हे वागणं पॉसिक्स मानकात, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामाईक नियमांत, लिहिलेलं आहे. आज लिनक्सवर जे क्रॉन बहुतेक ठिकाणी दिसतं ते पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या वंशातलं. लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी डेबियनमध्ये त्याचं जुनं रूप, रेड हॅट आणि फेडोरामध्ये त्यातूनच २००७ साली वेगळं झालेलं क्रोनी. व्हिक्सी यांच्या मूळ कोडमध्ये नेमक्या या जागी एक टिप्पणी आहे. तारीख आणि वाराचं हे प्रकरण विचित्र आहे, पण मानकच तसं आहे, अशा अर्थाची. लिहिणाऱ्याला ते खटकत होतं, तरी त्याने मानक पाळलं, आणि बरोबर केलं. या नियमावर विसंबून चाललेल्या किती ओळी किती सर्व्हरवर असतील. प्रोग्रॅमला हात लावता येत नाही म्हटल्यावर दुरुस्तीला जागा उरते ती पानाचीच.

आता उदाहरणांकडे येते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव त्यात अडकला.

मॅन्युअलमधलं उदाहरण असं: 30 4 1,15 * 5. अर्थ दिला आहे तो असा की पहाटे साडेचारला, महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, शिवाय दर शुक्रवारी. मी हे ऑगस्ट २०२५ च्या कॅलेंडरवर ठेवून पाहिलं. त्या महिन्यात १ तारीख शुक्रवारी, १५ तारीखही शुक्रवारी. ओळ चालणार १, ८, १५, २२, २९ ला. पाच शुक्रवार, बस. ज्याला नियम माहीत नाही तो हे पाहून म्हणेल, तारखा गेल्या कुठे? उदाहरण खरं आहे, पण त्या महिन्यात ते काहीच दाखवत नाही. तेच नोव्हेंबर २०२५ मध्ये ठेवा: १ आणि १५ शनिवार, शुक्रवार येतात ७, १४, २१, २८. सहा दिवस, आणि तारखा कुठल्या रकान्यामुळे आल्या, वार कुठल्यामुळे, हे डोळ्यांना वेगळं दिसतं.

तिथून मी ठरवलं की आमच्या पानावर एकही ओळ तारखांशिवाय द्यायची नाही. प्रत्येक उदाहरणाखाली ते कुठल्या महिन्यात कुठल्या तारखांना चालेल हे लिहायचंच, आणि "कधी चालणार नाही" हेही. आणि पानभर महिना एकच ठेवायचा, म्हणजे वाचणाऱ्याला दर उदाहरणाला नवं कॅलेंडर डोक्यात उभं करावं लागणार नाही. महिना निवडला नोव्हेंबर २०२५. तो शनिवारी सुरू होतो, त्यात पाच शनिवार आहेत, आणि दुसरा शनिवार ८ तारखेला, म्हणजे जितक्या लवकर येऊ शकतो तितक्या लवकर येतो. शनिवारच्या हिशेबात जी चूक होऊ शकते ती त्या महिन्यात लपत नाही.

याचा प्रत्यय लगेच आला. मुलाने कुठेतरी वाचलं की तारखेचा रकाना स्टारने सुरू केला तर दोन्ही रकाने एकदम जुळावे लागतात. त्यावरून त्याने चौथ्या शनिवारसकट एकच ओळ बनवली:

0 6 */2 * 6

स्टार, स्लॅश, दोन म्हणजे १ पासून एक सोडून एक तारीख: १, ३, ५ अशा सगळ्या विषम तारखा. त्यातले शनिवार. ऑगस्टमध्ये ९ आणि २३. दुसरा आणि चौथा! सप्टेंबरमध्ये १३ आणि २७. पुन्हा दुसरा आणि चौथा. ऑक्टोबरमध्ये ११ आणि २५. तीन महिने ओळ तंतोतंत बसते. नोव्हेंबरमध्ये ती १, १५ आणि २९ ला चालते, म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवा. बँक उघडी असलेले सगळे शनिवार, आणि सुटीचा एकही नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारात चौदा दिवसांचं अंतर असल्यामुळे ते दोन्ही एकदम विषम असतात किंवा एकदम सम, आणि हे महिन्याच्या सुरुवातीवर ठरतं. ऑगस्टमध्ये बसवलेली ओळ नोव्हेंबर उजाडेपर्यंत शहाण्यासारखी वागली असती.

पण यातून एक महत्त्वाची गोष्ट वर आली. स्टारचा नियम त्याने बरोबर वाचला होता. दोन्ही रकाने "भरले" असं कधी म्हणायचं, हे निरनिराळ्या मॅन्युअलमध्ये निरनिराळ्या शब्दांत आहे. जुन्या पानात म्हटलंय, रकाना नुसता स्टार नसेल तर. दुसरीकडे, रकान्यात स्टार नसेल तर. आणखी एकीकडे, रकाना स्टारने सुरू होत नसेल तर. कोड पाहिला तर तिथे फक्त पहिलं अक्षर स्टार आहे का एवढंच तपासलं जातं. म्हणजे तिसरं वाक्य अचूक आहे. पहिलं वाक्य वाचणारा म्हणेल, स्टार-स्लॅश-दोन हा नुसता स्टार नव्हे, तेव्हा तो रकाना भरलेला, आणि फसेल. हा फरक किती मोठा आहे ते याच ओळीचं दुसरं रूप लिहून पाहा:

0 6 1-31/2 * 6

तारखा त्याच, विषम. पण रकाना आता १ ने सुरू होतो. ऑगस्टमध्ये ही ओळ सगळ्या सोळा विषम तारखांना चालते, आणि वर २, १६, ३० या शनिवारीही. एकोणीस दिवस. वरची ओळ दोनच दिवस चालत होती. एवढा फरक एका अक्षरावर अवलंबून असेल, तर नियमाच्या वाक्यातलं "सुरू होत" हे दोन शब्द मॅन्युअलमध्ये सांडून चालणार नाहीत. आमच्या पानावर या दोन्ही ओळी एकाखाली एक दिल्या आहेत, तारखांसह, आणि त्याखाली स्पष्ट लिहिलं आहे की ही युक्ती समजून घ्या, पण वापरू नका.

मग दुसऱ्या शनिवारसाठी वापरायचं काय? रकान्यात फक्त 0 6 8-14 * * द्यायचं, आणि कमांडच्या आधी आज शनिवार आहे का ते तपासायचं. असेल तरच पुढचं काम. चौथाही हवा तर तारखा 8-14,22-28. डेबियनच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्या शनिवारचं अगदी हेच उदाहरण आहे, आणि ज्याने ते तिथे घातलं त्याचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात. फक्त त्या उदाहरणात वार तपासणाऱ्या कमांडमध्ये टक्क्याच्या चिन्हाआधी एक बॅकस्लॅश आहे, आणि तो का आहे हे त्या जागी लिहिलेलं नाही. माणूस ती कमांड टर्मिनलवर चालवून बघतो, तिथे बॅकस्लॅशची गरज नसते म्हणून काढतो, आणि चालली म्हणून तशीच क्रॉनटॅबमध्ये परत चिकटवतो.

क्रॉनटॅबमध्ये बॅकस्लॅश नसलेला टक्का म्हणजे ओळ संपली असं धरलं जातं, आणि पहिल्या टक्क्यानंतरचा सगळा मजकूर कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. तारीख घालून फाईलचं नाव बनवणारे सगळे इथे अडतात, आणि बॅकअपच्या फाईलला तारीख कोण घालत नाही? कमांड मधोमध तुटते, शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तक्रार करतो, ती तक्रार क्रॉन त्या वापरकर्त्याला मेल करतो. मेल जायची सोय सर्व्हरवर नसेल तर ती कुणापर्यंत पोचतच नाही.

हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे, कमांडच्या परिच्छेदात. मी ते वेगळ्या मथळ्याखाली हलवलं: "टर्मिनलवर चालतं, क्रॉनमधून चालत नाही". कारण माणूस पानावर येतो तो हे वाक्य मनात घेऊन. त्याच मथळ्याखाली पाथचा, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीचा, मुद्दा टाकला (क्रॉनला तुमच्या लॉगिनचा पाथ मिळत नाही, आणि क्रॉनटॅबमध्ये पाथ लिहिताना डॉलरचं चिन्ह देऊन जुना पाथ जोडता येत नाही, तो मजकूर जसाच्या तसा घेतला जातो), शेल बॅश नसून साधा एसएच असतो हा मुद्दा टाकला, आणि फाईलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर हवा हाही. आणखी एक, ओळीच्या शेवटी हॅश देऊन टिप्पणी लिहू नये. टिप्पणी स्वतंत्र ओळीवर. या चार-पाच गोष्टींना मॅन्युअलमध्ये चार-पाच ठिकाणी जागा आहे. त्यांचा आपसात संबंध नाही, पण वाचणाऱ्याची अडचण एकच आहे, म्हणून माझ्या मते त्यांची जागाही एकच.

वेळेबद्दल वेगळा परिच्छेद लिहावा लागला, आणि तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये आयता मिळाला नसता, कारण तो आपल्या साडेपाच तासांचा आहे. क्लाउडवरच्या मशीनचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असतं, मग मशीन मुंबईत का असेना. शनिवारी पहाटे दोन वाजता काम हवं असेल तर तेव्हा यूटीसीमध्ये शुक्रवारची रात्र असते, साडेआठ. तेव्हा तपासायचा वार शुक्रवार. इथपर्यंत बहुतेकांच्या लक्षात येतं. तारखाही एक दिवस मागे सरकतात, ८ ते १४ ऐवजी ७ ते १३, हे मात्र निसटतं. आणि ते निसटलेलं फार महिने कळतही नाही: दुसरा शनिवार ९ ते १४ मध्ये कुठेही आला तर आदला शुक्रवार ८ ते १३ मध्येच पडतो आणि ओळ बरोबर चालते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसरा शनिवार ८ ला. आदला शुक्रवार ७. चुकीची ओळ तो सोडून देते, १४ च्या शुक्रवारी रात्री साडेआठला उठते, आणि आपल्याकडे तेव्हा १५ तारखेचा, तिसऱ्या शनिवारचा, पहाटेचा दोनचा ठोका पडलेला असतो. क्रोनीमध्ये क्रॉनटॅबपुरता वेगळा टाइमझोन देता येतो. जुन्या व्हिक्सी क्रॉनमध्ये ती सोय नाही. आमच्याकडे दोन्ही प्रकारची मशीन आहेत, त्यामुळे पानावर दोन्ही रीती शेजारी शेजारी आहेत, आणि कुठल्या मशीनवर कुठलं क्रॉन आहे ते आधी पाहायला सांगितलं आहे.

पान पुरं झाल्यावर मी ते ऑफिसात दोघांना वाचायला दिलं. "कसं वाटलं" असं विचारलं नाही. एक-एक ओळ कागदावर लिहून दिली आणि विचारलं, ही नोव्हेंबरमध्ये कुठल्या तारखांना चालेल? पान उघडं ठेवून उत्तर द्यायचं. मुलाने सगळ्या बरोबर सांगितल्या, पण 1-31/2 च्या ओळीला तो दोनदा वर-खाली स्क्रोल करत होता, म्हणून ती दोन उदाहरणं मी आणखी वर, तक्त्याच्या लगेच खाली आणली.

दुसऱ्या होत्या आमच्या सपोर्टच्या मावशी, ज्यांनी इथे येण्याआधी बरीच वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. क्रॉनटॅब त्यांनी कधी लिहिलेला नाही. तारखा त्यांनी बरोबर सांगितल्या आणि मग विचारलं, "एक एप्रिलला बँकेचं वार्षिक क्लोजिंग असतं, लोकांना बँक बंद. महिन्याच्या एक तारखेचं काम त्या दिवशी पण चालणार का गं?" चालणार. क्रॉनला तारीख कळते, वार कळतो, सुटी कळत नाही. दिवाळी नाही, क्लोजिंग नाही. सहा वाजता सर्व्हर बंद असेल तर ते काम नंतर आपोआप होत नाही, हेही त्यांच्याच पुढच्या प्रश्नातून निघालं. दोन्ही गोष्टी मला इतक्या गृहीत होत्या की पानावर त्यांना जागाच नव्हती. आता "क्रॉनला काय माहीत नसतं" असा एक भाग आहे, आणि तेवढ्या भागात नोव्हेंबरऐवजी एप्रिल २०२६ चं कॅलेंडर आहे, १ तारीख बुधवार.

इंग्रजी मॅन्युअलसाठी एक छोटा बदलही तयार केला आहे: स्टारने "सुरू होत नसेल तर" हे शब्द, आणि तक्त्यातल्या दोन ओळींसमोर टीपेकडे बोट दाखवणारं एक वाक्य. ट्रॉफमध्ये, म्हणजे मॅन्युअलची पानं ज्यात लिहितात त्या मांडणीच्या भाषेत, लिहिलेलं आहे, काम काही ओळींचंच आहे. पाठवण्याआधी सध्या आमच्या दोन्ही प्रकारच्या मशीनवर सगळ्या उदाहरणांच्या तारखा पुन्हा ताडून पाहते आहे.